पाचवी चिमणी

२०२४ च्या डिसेंबरात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दशवार्षिक दर्शनसोहळ्यास जाण्याचा योग आला. यवतमाळ जिल्ह्यातील आम्हा मूठभर कॅथलिक कुटुंबांना असे एकत्र प्रवासाचे प्रसंग विरळाच. अमरावती धर्मप्रांतात आम्ही विखुरलेले. एका गावात चार घरे, तर दुसऱ्यात दोन. त्यामुळे गोव्यातील तो भाविकांचा सागर पाहून मन भरून आले. दर्शन झाले, मिस्सा झाली, आणि इतक्या दूर आलोच आहोत तर जोगचा धबधबाही पाहून घ्यावा, असे सर्वानुमते ठरले. कारवार, अंकोला, कुमठा अशी किनाऱ्याची वाट सरली. होन्नावरला गाडी पूर्वेकडे वळली आणि गेरसोप्प्याच्या पुढे शरावतीच्या खोऱ्यातील घाट सुरू झाला.

आमच्या डोळ्यांना सवय सागाच्या जंगलाची. डिसेंबरात आमच्याकडे पानगळ लागलेली असते. जंगल विरळ होते, पायाखाली पाचोळा वाजतो, दूरवरचे दिसते. येथे मात्र हिरव्या अंधारातून आपण चाललो आहोत असे वाटत होते. एका वळणावर कारवारच्या आमच्या चालकाने गाडी अलगद कडेला घेतली, यंत्र बंद केले आणि हळू आवाजात एकच शब्द उच्चारला : "सिंगळीक."

रस्त्यापासून पंधरा-वीस हातांवर, एका आडव्या फांदीवर ते बसले होते. आकाराने लहान, आमच्याकडील लांब हातापायांच्या वानरापुढे पोरसवदाच दिसावे असे. अंग काळेभोर, चेहऱ्याभोवती रुपेरी-करड्या केसांची आयाळ, आणि शेपटीच्या टोकाला सिंहाच्या शेपटीसारखा गोंडा. त्या गोंड्यावरूनच त्याला सिंहपुच्छ माकड असे नाव मिळाले. कानडीत तोच सिंगळीक. मागे पानांच्या गर्दीत आणखी आठ-दहा हालचाली जाणवत होत्या. एका मादीच्या पोटाशी पिल्लू बिलगलेले होते. आमच्यापैकी कोणी बोलले नाही. ज्या मुलांना शांत बसवताना सारा प्रवास आमचा घसा कोरडा पडला होता, तीही श्वास रोखून पाहत होती. बॅसिलिकेत रांगेत उभे असताना जी शांतता आमच्यात उतरली होती, तिच्याच कुळातील ही शांतता होती, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

हा प्राणी जगात इतरत्र कोठेही आढळत नाही. कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडू या तीन राज्यांतील सह्याद्रीची सदाहरित वने, एवढेच त्याचे जग. आयुष्याचा बहुतेक काळ तो झाडांच्या शेंड्यांवरच घालवतो. जमिनीवर क्वचित उतरतो. मादी एका वेळी एकच पिल्लू देते आणि दुसरे होईपर्यंत अडीच-तीन वर्षे जातात. म्हणून एकदा घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. आज रानात उरलेली प्रौढ सिंहपुच्छ माकडे अडीच हजारांच्या आसपास असावीत असा अंदाज आहे, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्यांची नोंद संकटग्रस्त अशी आहे. केरळमधील सायलेंट व्हॅलीत कुंतीपुळा नदीवर धरण होऊ घातले होते, तेव्हा लोकांनी वर्षानुवर्षे जो लढा दिला, त्याचे प्रतीक हेच माकड बनले. १९८३ मध्ये तो प्रकल्प सोडून देण्यात आला आणि १९८४ मध्ये त्या वनास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. शरावतीच्या ज्या खोऱ्यात आम्ही उभे होतो, तेथेही २०१९ मध्ये याच माकडाच्या नावाने अभयारण्य घोषित झाले आहे. आणि २,००० मेगावॅटच्या जलविद्युत प्रकल्पाचा वादही याच खोऱ्याभोवती उभा राहिला आहे. एवढे सारे आम्ही नंतर वाचले. त्या क्षणी मात्र एवढेच जाणवले की, आपण काहीतरी विरळा पाहत आहोत, आणि ते पाहण्याचे भाग्य सर्वांना लाभत नाही.

यानंतर जे घडले ते सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही. आमच्या पिशवीत केळी होती. पिल्लाला घेऊन बसलेली ती मादी आमच्याकडे पाहत होती. आम्ही एक केळे सोलले आणि खिडकीतून तिच्या दिशेने टाकले. ते झाडापर्यंत पोहोचले नाही; डांबरी रस्त्याच्या मधोमध पडले. क्षणभर काहीच झाले नाही. मग ती माता फांदीवरून सरसर उतरली, पिल्लासह रस्त्यावर आली आणि केळ्यापाशी बसली. दुसऱ्या फांद्यांवरून आणखी दोघे उतरले. त्याच वेळी वरच्या वळणावरून एक मालमोटार घरघरत खाली येऊ लागली.

चालकाने दार उघडून रस्त्यावर उडी घेतली आणि दोन्ही हात उंचावून तो ओरडला. मालमोटारीचे ब्रेक करकरले. माकडे पांगली, ती मादी केळे हातात घट्ट धरून पुन्हा फांदीवर गेली. कोणालाही इजा झाली नाही. चालक परत आला. घाम पुसत तो एवढेच म्हणाला, "खायला देऊ नका, दादा. भूक लागून नाही मरत ती. अशी मरतात."

गाडी पुढे निघाली. जोगचा धबधबा आम्ही पाहिला. परंतु आज त्याचे वर्णन करावयास सांगाल तर फारसे काही आठवत नाही. मनात एकच विचार घोळत होता. केळे टाकताना आमच्या मनात क्रूरता नव्हती. होते ते कौतुकच, प्रेमच म्हणा ना. त्या पिल्लावर चाक गेले असते, तर ते आमच्या प्रेमामुळेच गेले असते.

नाताळापूर्वी आम्ही घरी परतलो. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात प्रवासाच्या गोष्टी निघाल्या. भ्रमणध्वनीवरील छायाचित्रे हातोहात फिरली. बॅसिलिकेची चित्रे लोकांनी भक्तीने पाहिली, पण सिंगळीकाच्या चित्रापाशी सगळेच थांबले. किती सुंदर, किती दुर्मिळ, असे उद्गार निघाले. केळ्याची हकीकत आम्ही सांगितली नाही. धर्मग्रामातील एक शेतकरी बंधू मात्र चित्र पाहून नुसते हसले आणि म्हणाले, "भाऊ, माह्या तुरीत रोज ईस येतात. त्याहिचा फोटू काढाले कोनी येत नाई."

सगळे हसले. आम्हीही हसलो. परंतु ते वाक्य आमच्याबरोबर घरी आले आणि आजतागायत गेले नाही.

तुरीच्या शेंगा भरण्याचे ते दिवस. काळ्या तोंडाच्या वानरांचा कळप सकाळी शेतात शिरला की, घटकाभरात कित्येक तासांतील शेंगा ओरबाडल्या जातात. खातात त्याहून अधिक मोडतात. म्हणून घरातील एक माणूस दिवसभर राखणीला बसवावा लागतो. कधी आजोबा, तर कधी शाळा बुडवून मुलगा. गोफण फिरते, डबे वाजतात, फटाके फुटतात. हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. वानराला दगड मारताना आमचा हात कधी अडखळला नाही. मग शरावतीच्या घाटात तोच हात केळे सोलण्यासाठी कसा पुढे झाला? दोन्ही परमेश्वराचीच निर्मिती. दोघांच्याही माता पिल्लाला पोटाशी धरूनच झाडावरून झाडावर जातात. एकाला केळे आणि दुसऱ्याला दगड, हा भेद आम्ही कशाच्या आधारे केला?

उत्तर सोपे आहे, आणि ते लज्जास्पद आहे. तिकडचे माकड दुर्मिळ होते, इकडचे नेहमीचे. शिवाय तिकडच्या माकडाने आमचे काहीच नेले नव्हते.

दुर्मिळतेवरून मोल ठरविण्याची ही रीत बाजाराची आहे. सोने थोडे म्हणून महाग. कांदा बाजारात फार आला की रस्त्यावर ओतायचा. बाजारापुरती ती रीत क्षम्य असेल. पण ती जिवांना लावली की, एक विचित्र निष्कर्ष निघतो. एखाद्या प्राण्याची जात जितकी मरणाच्या जवळ जाईल तितकी ती आपल्याला मोलाची वाटू लागते. म्हणजे आपल्या आदरास पात्र होण्यासाठी तिने आधी मरणाला टेकले पाहिजे! जिवंतपणी ज्या म्हाताऱ्याची कोणी विचारपूस केली नाही, त्याच्या अखेरच्या दिवशी घर नातेवाइकांनी भरून जावे, तसे हे आहे.

आणि आज जे नेहमीचे आहे ते उद्याही नेहमीचेच राहील, ही खात्री तरी कोणी द्यावी? माथेरानला गेलेल्यांनी डोक्यावर केसांची टोपी असल्यासारखे दिसणारे माकड पाहिले असेल. दक्षिण भारतातील देवळे, स्थानके आणि बाजार या टोपीमाकडांनी गजबजलेले असत. लाल यादीत त्यांची नोंद कालपरवापर्यंत चिंतेचे कारण नसलेल्या प्राण्यांत होती. २०११ मध्ये काही भारतीय अभ्यासकांनी आपल्या शोधनिबंधात या नोंदीवरच प्रश्नचिन्ह लावले. पूर्वी पश्चिमेस तापी आणि पूर्वेस गोदावरी अशी दोन माकडांच्या प्रदेशांतील सीमा मानली जाई. उत्तरेकडे लाल तोंडाचे माकड आणि दक्षिणेकडे टोपीमाकड. उत्तरेकडील माकड ती सीमा ओलांडून दक्षिणेकडे सरकत आहे आणि टोपीमाकडाची जागा घेत आहे, असे त्यांना आढळले. एका गावची त्रासदायक माकडे पकडून दुसऱ्या ठिकाणी सोडण्याच्या आपल्या सवयीनेही त्यास हातभार लावला आहे. २०२० च्या मूल्यमापनात टोपीमाकडाची गणना असुरक्षित जातींत झाली. वर्धा आणि पैनगंगा या आपल्या जिल्ह्याच्या दोन्ही नद्यांचे पाणी शेवटी गोदावरीलाच मिळते. तेव्हा ही कथा फार दूरदेशची नाही.

लाल तोंडाच्या माकडाची कहाणीही बोधप्रद आहे. एकेकाळी पोलिओच्या लसीसाठी आणि इतर संशोधनासाठी ही माकडे हजारोंच्या संख्येने परदेशी पाठविली जात. १९७८ मध्ये भारताने ती निर्यात बंद केली. पुढे त्यांची संख्या वाढली, त्यांचा उपद्रव वाढला, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा संरक्षित प्राण्यांच्या अनुसूचीतून त्यांचे नाव गळले. माकड तेच. आपल्या गरजेप्रमाणे आणि अडचणीप्रमाणे त्याचे मोल मात्र चढले आणि उतरले.

या बाजाराला प्रभू येशूने कसे पाहिले? शुभवर्तमानांत चिमण्यांच्या विक्रीचा उल्लेख दोनदा येतो. मत्तय सांगतो की, एका नाण्यास दोन चिमण्या मिळतात. लूकच्या शुभवर्तमानात मात्र दोन नाण्यांस पाच चिमण्या मिळतात. हिशेब करून पाहावा. दोन नाण्यांस चारच व्हायला हव्यात. पाचवी चिमणी विक्रेत्याने वर टाकलेली आहे; भाजीवाली मेथीच्या जुडीवर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते, तशी. तिला किंमतच नाही. बाजाराच्या दृष्टीने तिची किंमत शून्य आहे, कारण चिमण्या उदंड आहेत. आणि प्रभू सांगतो की, या पाचांपैकी एकीचाही परमेश्वराला विसर पडलेला नाही. पाचवीचासुद्धा नाही!

येथे प्रभूने एखाद्या गरुडाचे वा दुर्मिळ पक्ष्याचे उदाहरण दिले असते, तर आपल्याला ते पटकन पटले असते. त्याने घेतली ती चिमणी. गरिबाच्या ताटातील, ढिगाने विकली जाणारी. परमेश्वराची स्मृती संख्येवर अवलंबून नाही, हे त्याला सांगायचे होते. आमच्या शेतकरी बंधूंच्या तुरीत येणारी ती वीस वानरे म्हणजे आमची पाचवी चिमणी आहे.

येथे जाणता वाचक दोन आक्षेप घेईल, आणि ते दोन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप असा : सर्व जीव परमेश्वराच्या स्मरणात सारखेच असतील, तर संकटग्रस्त प्राण्यांसाठी वेगळी अभयारण्ये, वेगळे कायदे आणि वेगळा खर्च कशासाठी? याचे उत्तर हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यात मिळते. मेंढपाळ नव्याण्णव मेंढरांना सोडून एकाच्या शोधात जातो, तो ते मेंढरू अधिक सुंदर किंवा अधिक किमती आहे म्हणून नव्हे. ते इतर नव्याण्णवांसारखेच आहे; पण ते संकटात आहे. चार लेकरांपैकी एक तापाने फणफणले की, आई रात्रभर त्याच्याच उशाशी बसते. इतर तिघांवरील तिची माया कमी झालेली नसते. दुर्मिळ प्राण्याला आपण जे अधिक देतो ते त्याच्या आजारासाठी असते. त्याचे मोल वाढले म्हणून नव्हे. हा भेद वरवर सूक्ष्म वाटेल, परंतु त्याचे परिणाम मोठे आहेत. मोल वाढले असे मानणारा माणूस छायाचित्र काढतो, केळे टाकतो आणि पुढे जातो. आजार ओळखणारा माणूस तो कशाने जडला हे विचारतो.

ब्राझीलमध्ये सोनेरी रंगाचे, आयाळीचे, तळहाताहून थोडे मोठे असे एक माकड आहे. किनाऱ्याजवळचे जंगल तोडले गेल्याने १९७० च्या दशकाच्या आरंभी रानात ती जेमतेम दोनशेच्या आसपास उरली होती. प्राणिसंग्रहालयांत जन्मलेली माकडे १९८४ पासून पुन्हा रानात सोडण्यात आली. परंतु नुसती माकडे सोडून भागले नसते. जंगलाचे तुटलेले तुकडे झाडे लावून जोडावे लागले, आणि त्यांतील पुष्कळ जमीन शेतकऱ्यांच्या मालकीची होती. शेतकरी सामील झाले म्हणून काम झाले. तेथील महामार्गावर झाडे लावलेला पूलही बांधण्यात आला, माकडांनी वाहनांच्या वरून जावे म्हणून. २०२३ च्या गणनेत ती सुमारे ४,८०० भरली. त्या पुलाविषयी वाचले तेव्हा आम्हांला शरावतीच्या घाटातील आमचे केळे आठवले. आम्ही त्या मातेला रस्त्यावर उतरविले होते. त्या लोकांनी तिच्यासारखीला रस्त्यावर उतरावेच लागू नये अशी तजवीज केली.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे, आणि तो आपल्या जिल्ह्यात उभे राहूनच ऐकला पाहिजे. ज्या वचनात चिमण्यांची आठवण आहे, त्याच्याच पुढे प्रभू आपल्या शिष्यांना सांगतो की, पुष्कळ चिमण्यांपेक्षा तुम्ही मोलाचे आहात. ख्रिस्तसभेची धर्मशिक्षाही याबाबत स्पष्ट आहे. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवाच्या प्रतिष्ठेस शोभत नाही, असे ती सांगते. आणि माणसाचे दुःख निवारण्यासाठी जो पैसा आधी खर्च व्हायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही अयोग्य आहे, असेही सांगते. मग कापसाच्या आणि कर्जाच्या या जिल्ह्यात, जेथे एका हंगामाने घर बसते वा उठते, तेथे शेतकऱ्याला वानराचे मोल सांगणारे आम्ही कोण?

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीच्या परिसरात टी-१ या वाघिणीला गोळी घालण्यात आली, तेव्हा हाच प्रश्न रक्ताने लिहिला गेला होता. तिच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. देशातील मोठ्या शहरांत तिच्यासाठी निषेध झाले, मेणबत्त्या पेटल्या. तिचे अवनी हे नाव घराघरांत पोहोचले. त्या तेरा जणांपैकी एकाचे तरी नाव त्या शहरांतील किती जणांना सांगता आले असते? वाघिणीसाठी हळहळणे चुकीचे नव्हते. आम्हीही हळहळलो. परंतु ज्या करुणेचा सगळा खर्च दुसऱ्याने, आणि तोही गरिबाने, सोसायचा असतो, त्या करुणेविषयी मनात शंका यावी हे योग्यच आहे. शहराने मोल ठरवायचे आणि गुराख्याने ते चुकवायचे, याला न्याय म्हणता येत नाही. घाटातील माकडाला केळे टाकणे आम्हांला सोपे गेले, कारण त्या केळ्याखेरीज आमचे काहीच खर्ची पडत नव्हते. आमच्या बंधूंची तूर मात्र खर्ची पडते.

तेव्हा माणूस अधिक मोलाचा, हे मान्य. पण त्या अधिक मोलाचा अर्थ काय? परमेश्वराने मानवाला पृथ्वीवर सत्ता दिली असे उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आहे, आणि दुसऱ्याच अध्यायात त्याला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. राखण हा शब्द आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. राखणदार मालक नसतो. आणि जो अधिक मोलाचा, त्याच्यावर जबाबदारीही अधिक. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'लौदातो सी' या परिपत्रकात धरणीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे काढता येत नाहीत, असे प्रतिपादन केले. आमच्यामुळे हजारो जाती नष्ट होतात आणि आपल्या अस्तित्वाने परमेश्वराचा गौरव करण्यास त्या उरत नाहीत, याची त्यांना खंत होती. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच म्हटले होते की, परमेश्वराचा चांगुलपणा कोणत्याही एका निर्मितीत मावत नाही, म्हणून त्याने नाना प्रकारचे जीव निर्माण केले. एकात जे उणे ते दुसऱ्याने भरून काढावे. असे असेल तर एक जात संपणे म्हणजे परमेश्वराविषयी सांगणारा एक शब्द कायमचा पुसला जाणे होय.

शेतकरी आणि वानर यांना एकत्र पाहणारा एक नियम निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवावी. तीत जे उगवेल ते गरिबांनी खावे, आणि त्यांच्याकडून उरेल ते रानातील प्राण्यांनी. येथे क्रम आहे, गरीब आधी. पण गरिबाच्या मागोमाग रानातील प्राणीही त्याच वाक्यात आहे, आणि दोघांचा वाटा ज्याच्यापाशी जमीन आहे त्याच्याकडून यावयाचा आहे. धाराशिव जिल्ह्यातील उपळा या गावी ३२ एकर जमीन गावच्या कागदपत्रांत माकडांच्या नावे नोंदलेली असल्याची बातमी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली होती. पूर्वी तेथे लग्नकार्यात आधी माकडांना मान दिला जाई, असेही गावकऱ्यांनी सांगितले. बातमी वाचून पुष्कळांना गंमत वाटली. आम्हांला त्यात एक शहाणपण दिसले : तो वाटा साऱ्या गावाचा होता, एकट्या कोणाच्या तुरीतून काढलेला नव्हता.

आपल्या धर्मग्रामात ३२ एकर कोणाकडे नाहीत. परंतु शेंगा भरण्याच्या पंधरा-वीस दिवसांत एकेका घराने एकेक दिवस राखणीला माणूस द्यावा, म्हणजे शेतकऱ्याच्या मुलाची शाळा बुडणार नाही आणि संतापाने गोफणीत दगडही चढणार नाही, एवढे तर आपल्या आवाक्यात आहे. नुकसानभरपाईचा अर्ज भरताना ज्याला अक्षरओळख आहे त्याने ज्याला नाही त्याच्या शेजारी बसावे. यात काव्य नाही, छायाचित्र काढण्याजोगेही काही नाही. परंतु जिवांवर प्रेम करतो असे म्हणणाऱ्याने त्या प्रेमाच्या खर्चात आपला वाटा उचलला, एवढे तरी होईल.

जानेवारीत आम्ही त्या बंधूंच्या शेतावर एक दिवस राखणीला गेलो. ऊन चढता चढता नाल्याकडच्या कडुलिंबावरून वानरे उतरली. मोजली तर एकवीस भरली. एका मादीच्या पोटाशी पिल्लू होते. आम्ही मचाणावरून डबा वाजवीत खाली धावलो. ती पळाली, थोड्या वेळाने पुन्हा आली, आम्ही पुन्हा धावलो. दुपारपर्यंत पाय भरून आले. तूर सगळी वाचली नाही. बंधू भाकरीचे फडके सोडीत म्हणाले, "आता समजलं का, भाऊ?" आम्ही होय म्हणालो. त्यांना नेमके काय समजलेले अपेक्षित होते ते आम्ही विचारले नाही. थोडी भाकर खाऊन झाल्यावर केळ्याची हकीकत त्यांना सांगितली. ती आम्ही प्रथमच कोणाला तरी सांगत होतो.

ते सिंगळीकाचे छायाचित्र अजून आमच्याजवळ आहे. नीट पाहिले तर त्या मातेच्या मुठीत काहीतरी पिवळे दिसते. पूर्वी ते कोणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने आम्ही चित्र दाखवीत असू. आता कोणी पाहायला मागितले की, आम्ही आधी त्या पिवळ्या ठिपक्यावर बोट ठेवतो, आणि तेथून गोष्ट सुरू करतो.